त्रेचाळिसावी युक्ती

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुस्तिका छापून आली. बत्तीस पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर धुक्यातलं जंगल आणि त्यात पाठमोरा उभा शिकारी. वर ‘शेवटचं रान : तग धरण्याच्या चाळीस युक्त्या’. खाली लेखकाचं नाव, कप्तान.

फक्त कप्तान.

मी ती मागून पुढून तीनदा चाळली. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘साहाय्य : कार्यालयातील सहकारी’ असं आहे. ते सहकारी म्हणजे मी. चाळीसपैकी छत्तीस युक्त्या मी लिहिल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर त्या छत्तीसांतल्या एकोणीस माझ्याही नाहीत, बाबांच्या आहेत.

उद्या कुणी विचारलं तर लिहिलेलं असावं म्हणून सगळं नोंदवते. ‘शेवटचं रान’ हा संगणकावरचा खेळ. खेळणारा रानात एकटा सुटतो, जवळ एक चाकू आणि फाटका कोट. शिकार करायची, पाणी उकळायचं, आग जपायची आणि जमतील तितके दिवस जगायचं. आमचं कार्यालय टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. तिथे आम्ही अशा खेळांच्या मार्गदर्शिका तयार करून आमच्या साइटवर टाकतो. कप्तान आमचा मुख्य. तो कॅमेऱ्यासमोर बसून खेळतो आणि हजारो लोक ते बघतात. खेळातलं त्याचं नाव कप्तान, म्हणून झाडूवाल्यापासून सगळे त्याला तेच म्हणतात.

बाबा तीस वर्षं वनखात्यात माग काढायचं काम करत होते. साहेबांच्या पुढे चालायचं, जनावर कुठून कुठे गेलं ते सांगायचं. कड्यावरून घसरले तेव्हापासून डावा पाय नावालाच आहे. मला ही नोकरी लागली तेव्हा मी घरी खेळ उघडून बसले होते, बाबा मागे काठी टेकून उभे. म्हणाले, “हा माणूस वारा पाठीवर घेऊन हरणाकडे का चाललाय? वास जाईल की.” मी वळसा घालून गेले. हरीण जागचं हललं नाही. तिथून सुरुवात झाली.

मी त्यांना सांगितलं होतं की पुस्तिकेत तुमचं नाव येईल. त्यांनी एका कागदाच्या चिठ्ठीवर, डाव्या हातानं, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

घरी आले तर बाबा इस्त्रीचा सदरा घालून दाराजवळच्या खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, छपाई लांबली. “छपाई म्हणजे वेळ लागायचाच,” बाबा म्हणाले आणि सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. पुस्तिका माझ्या पिशवीत, डब्याच्या खाली होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कप्तानाच्या खोलीत गेले. तीन दिवे, एक कॅमेरा आणि मागे भिंतीवर अस्वलाचं खोटं कातडं, त्याला धुळीचा वास येतो. सकाळपासून वाक्यं जुळवत होते. ती सगळी दारातच सांडली.

तो चिडला नाही, हेच जास्त लागलं. लहान मुलाला समजवावं तसं त्यानं समजावलं की लोक चेहऱ्यावर विश्वास ठेवतात, दहा नावं छापली तर पुस्तिका शाळेच्या स्मरणिकेसारखी दिसते. मी म्हटलं, निदान वडिलांचं नाव तरी, तुम्ही हो म्हणाला होतात. तो म्हणाला की तो ‘बघू’ म्हणाला होता. ते खरं असेल. मी ‘हो’ ऐकलं असेल.

मग तो म्हणाला, “तुझ्या वडिलांना कोण ओळखतं?”

टोमणा नव्हता तो. खरंच विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबला. हे वाक्य मी इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे राग शिळा होणार नाही.

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून पाठ केली होती. आज उपयोग झाला. मला माफी नको, बढती नको. मला कप्तान पडलेला बघायचा आहे. एकट्यात नाही, सगळ्यांसमोर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चाळीसही युक्त्या साइटवर चढल्या. अर्थात त्याच्या नावानं. खाली लोकांचे अभिप्राय, आणि त्यात एक चमचा आहे, त्यानं माझं डोकं उठवलंय. नाव घेतलंय ‘तीनपाया’. नावाशेजारी दिसतं की तो ‘एकच जीव’ प्रकारात खेळतो, म्हणजे एकदा मेला की सगळं पुसलं जातं, आणि आज त्याचा खेळातला एकशे बासष्टावा दिवस आहे. एवढे दिवस आमच्या कार्यालयातसुद्धा कप्तान सोडून कुणी काढलेले नाहीत.

सतराव्या युक्तीत मी लिहिलंय की बाण लागलेल्या हरणामागे लगेच धावू नका, बसा, शंभर श्वास मोजा. पळवलंत तर ते दोन टेकड्या पलीकडे पडेल आणि लांडगे तुमच्या आधी पोचतील. त्याखाली तीनपाया लिहितो, “बरोबर. लिहिणाऱ्याला शाबासकी.” वाळक्या लाकडाच्या युक्तीखाली, “छान सांगितलं. लिहिणाऱ्याचा हात असाच चालू दे.” एकतिसाव्या युक्तीखाली तर, “ही वाचून बरं वाटलं.”

एकतिसावी बाबांची, शब्द न् शब्द. फास लावला की लांब जा, माणसाचा वास राहू देऊ नका. पण रोज सकाळी जाऊन बघा. फासाला कळत नाही कुणासाठी लावलाय. भलतंच जनावर अडकलं तर सोडवता आलं पाहिजे.

माझ्या बाबांच्या शब्दांची शाबासकी कप्तानाच्या खिशात जाते आहे. आणि हा तीनपाया एकेका युक्तीपाशी थांबून ती मोजून देतोय. कप्तानाच्या स्वतःच्या चार युक्त्यांखाली मात्र त्यानं काही लिहिलेलं नाही, बहुधा तिथवर पोचला नसेल.

घरी आले तर माऊस पुन्हा कीबोर्डच्या डावीकडे. आई पुसताना उचलते आणि भलतीकडे ठेवते. तिला म्हटलं, किती वेळा सांगायचं. “मी? बरं बाई, मीच,” असं म्हणून ती शिवणयंत्रावर मान घालून हसली. हसण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खेळाचा नवा हिवाळी भाग आला. लोकांना सोमवारी मिळेल, आम्हाला आधी मिळतो. गोठलेली तळी, पांढरी अस्वलं, दिवस आखूड.

कप्तान एकोणतीस तारखेला हा भाग कॅमेऱ्यासमोर खेळणार आहे, तेही ‘एकच जीव’मधल्या त्याच्या तीनशे दिवसांच्या खेळाडूनं. तो आधी कधीच खेळून बघत नाही. मी खेळते, टिपणं काढते, तो ती वाचतो आणि कॅमेऱ्यासमोर आत्ता सुचल्यासारखं बोलतो. लोक म्हणतात, काय अंदाज आहे.

आज माझ्यामागे अस्वल लागलं म्हणून मी तळ्यावर पळाले. अस्वल काठाशी थांबलं, बर्फावर आलं नाही. मला वाटलं, चला, जागा सापडली. मधोमध आग पेटवली, कातडं पांघरून झोपले. मध्येच एक आवाज आला, सुकी फांदी मोडावी तसा. मग पडदा काळा. ‘तुमचा प्रवास संपला.’ नव्या भागात आग बर्फ वितळवते.

मी बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. मग मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरून तपासनीस ताईंनी मान वर करून बघितलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तपासनीस ताई म्हणजे आमच्याकडे मजकुरातल्या चुका बघणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. आधी शब्दकोशाच्या कामावर होत्या. डबा खाताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं की लिहिलेलं कुणी चोरलं तर चोर पकडायचा कसा.

त्यांनी सांगितलं की कोशात ते एक शब्द मुद्दाम खोटा पेरायचे. न उडणाऱ्या एका पक्ष्याचं नाव, असा पक्षीच नव्हता. दुसऱ्याच्या कोशात तो पक्षी दिसला की समजायचं, चोरी.

मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “पण आमचा पक्षी कुणाला चोच मारत नसे हं. तू काय पेरायला निघालीस?”

मी म्हटलं, काही नाही.

“मग ठीक. मी स्वल्पविराम बघते. खरं-खोटं लिहिणाऱ्यानं बघायचं.”

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहिली. इथेही उतरवून ठेवते.

“युक्ती त्रेचाळीस. पांढरं अस्वल गोठलेल्या तळ्यावर पाऊल टाकत नाही. म्हणून हिवाळ्यात मुक्कामाची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे तळ्याचा मध्य. लाकडं सोबत न्या, मधोमध आग पेटवा आणि निर्धास्त झोपा.”

पहिलं वाक्य खरं आहे. आमिष ताजं लागतं, बाबा म्हणतात. एकेचाळीस, बेचाळीस आणि चव्वेचाळीसही खऱ्या आहेत, मन लावून लिहिल्या आहेत. बेचाळीसमध्ये ओले मोजे पोटाशी धरून वाळवायचं लिहिलंय, तेही बाबांचंच.

लिहून झाल्यावर या वहीचं पहिलं पान उघडलं गेलं. पदवी हातात आली त्या दिवशी त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘जे स्वतः पाहिलं नाही ते लिहिणार नाही.’ घरात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे त्या दिवसांत माझी वाक्यं जरा लांबच असायची. आईनं टाळ्या वाजवल्या होत्या, बाबांनी ते वाक्य परत म्हणायला लावलं होतं.

तर हे मी पाहिलेलं आहे. पाहून उलट लिहिलंय. प्रतिज्ञा तशी मोडलेली नाही. मला माहीत आहे की हा वकिली मुद्दा आहे.

माझा बेत एवढाच होता की हे कप्तानाच्या टिपणात जावं. पण त्यानं चारही युक्त्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, साइटवर पण टाकून दे, माझ्या नावानं. तेव्हा सांगता आलं असतं की त्रेचाळीस अजून तपासायची आहे. नाही सांगितलं. त्याच्या नावाच्या भरवशावर चालणाऱ्यांनी त्याच्या नावानं बुडावं. आणि तो तीनपाया बुडाला तर दुधात साखर. खूप शाबासक्या वाटल्यास बाबा, आता एक आमच्याकडून घे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चढली. आता एकोणतीसपर्यंत अभिप्राय वाचायचे नाहीत असं ठरवलंय. त्याचं कौतुक वाचून माझा हात चुकायला नको. शिकारी सापळ्याभोवती घुटमळत नाही, माणसाचा वास राहतो.

आज मन हलकं आहे. येताना आईसाठी यंत्राच्या सुया आणल्या. कितीतरी दिवसांनी शीळ वाजवली, बाबा म्हणाले, “आज वारा कुठला म्हणायचा?”

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना बाबांनी मध्येच विचारलं, “पाण्यावर आग कशी गं तगते?”

मी म्हटलं, कुठल्या पाण्यावर.

“गोठलेल्या. मला बर्फातलं काही कळत नाही, आमच्या रानात नव्हता. म्हणून विचारतो. तू बघून लिहिलंस ना?”

मी त्यांना हे कधी सांगितलं ते आठवेना. बोलण्याच्या ओघात सांगितलं असेन. खरं सांगायचं तर कप्तानापासून सुरुवात करावी लागली असती, पुस्तिकेपासून, पिशवीत डब्याखाली काय होतं तिथपासून. म्हणून म्हटलं, “खेळ आहे बाबा तो. बघूनच लिहिते मी.”

“मग झालं,” म्हणाले. “तू बघितलंस म्हणजे झालं.” आणि आणखी एक पोळी मागितली. आईनं त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस उरले. कप्तानानं खास प्रसंगासाठी नवा कोट आणलाय, खेळातला नाही, खरा. ताई म्हणाल्या, नवरदेव तयार आहे.

घरी मात्र शांतता. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पाय दुखत असावा. अर्धंच जेवले. उठताना म्हणाले, “त्या तुझ्या खेळात एकदा माणूस गेला की परत उठत नाही ना?”

मी म्हटलं, एकच जीव घेऊन खेळलं तर नाही.

“बरोबर आहे. तसंच पाहिजे.”

आज माऊस जागच्या जागी, उजवीकडेच होता. आईला पुसायचा कंटाळा आला असावा. चला, एक तरी गोष्ट सुधारली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

जसं घडलं तसं लिहिते.

दुपारी चारला सुरू झालं. आम्ही सगळे काचेबाहेर उभे होतो. बघणाऱ्यांचा आकडा चार हजारांवर गेला. कप्तानाचा खेळाडू बर्फातून चालत होता, मागे अस्वल लागलं, तो तळ्यावर धावला. अस्वल काठाशी थांबलं. अगदी माझ्या शब्दांप्रमाणे. तो मधोमध आला, खाली बसला, लाकडं काढली. मनात म्हणत होते, पेटव. पेटव.

त्यानं लाकडं परत पिशवीत घातली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.

तो काय म्हणाला ते मला तोंडपाठ झालंय. “मित्रांनो, आमच्या साइटवर त्रेचाळिसावी युक्ती आहे, इथे आग पेटवा म्हणून. ती चूक आहे. आमच्या कार्यालयातल्या एका नवख्या मुलीनं ती लिहिली आणि माझ्या नजरेतून सुटली. तीनपाया नावाच्या खेळाडूनं दोनशे अकरा दिवसांचा जीव गमावून ती दाखवून दिली. तीनपाया, तुला माझा सलाम.”

मग तो चालत पलीकडच्या काठाला गेला. बर्फ कुरकुरलासुद्धा नाही. लोक टाळ्यांच्या चिन्हांचा पाऊस पाडत होते. छत्तीस युक्त्या लिहिल्या तेव्हा मी कुणी नव्हते. एक खोटी लिहिली तेव्हा चार हजार लोकांना कळलं की ती माझी.

माझ्या मनात पहिला विचार आला तो तीनपायाचा. चमचा मरता मरताही धन्याला वाचवून गेला. मी टेबलाशी जाऊन त्याचा अभिप्राय उघडला, शिव्या घालण्यासाठी. सव्वीस तारीख, दुपारी दोन.

“त्रेचाळीसमध्ये आग पेटवू नका. बर्फ फुटतो. मी बुडालो. लिहिणारीला बोल लावू नये. ती पोरगी बघितल्याशिवाय लिहीत नाही. तिनं बघितलं तेव्हा वेगळं असेल, खेळ नवा आहे. पाऊल टाकण्याआधी काठी टेकवायची असते. मी टेकवली नाही, भरवसा होता म्हणून.”

वर नाव कप्तानाचं होतं. प्रत्यक्षात लिहिणारी पोरगी आहे हे जगात कार्यालयाबाहेर दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि ती दोघं एकाच घरात राहतात. एक शिवणयंत्रावर बसतं. दुसरं दोन पाय आणि एक काठी घेऊन चालतं, आणि डावखुरं आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

आईनं सकाळी सगळं सांगितलं. मी कामावर गेले की बाबा रोज खुर्चीत उशी घालून बसायचे. एका बोटानं खेळायचे, एका बोटानं लिहायचे. म्हणायचे, पुन्हा रानात जाता येतंय, आणि पाय दुखत नाही. युक्त्यांवर त्यांचं नाव नाही हे त्यांनी साइटवर पहिल्याच दिवशी बघितलं होतं. आईला म्हणाले होते, पोरगी सांगेल तेव्हाच आपल्याला कळलं असं करायचं.

“शाबासकी तुला देत होते गं,” आई म्हणाली. “तुझ्या तोंडावर द्यायची सवय नाही त्यांना.”

मी बाबांसमोर जाऊन बसले. त्यांना वाटत होतं की माझी चूक झाली आणि मला ओरडा बसला असेल. तसंच राहू दिलं असतं तर राहिलं असतं. पण माझ्या भरवशावर त्यांनी आधीच, नकळत, सगळ्यांना वाचता येईल असं एक खोटं लिहिलं होतं. मी पुस्तिका त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पहिल्या दिवसापासून सांगितलं. ‘कोण ओळखतं’सुद्धा सांगितलं.

“म्हणजे मुद्दाम?” बाबा म्हणाले.

“हो.”

“मी विचारलं होतं तुला. जेवताना.”

“हो.”

काठीचं टोक फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. मी रागावण्याची वाट बघत होते. ते म्हणाले, “आणखी किती अडकले?”

मला माहीत नव्हतं. मी बघायलाच गेले नव्हते.

“एकतिसावी कुणी लिहिली?”

“तुम्ही सांगितलीत. मी लिहिली.”

“मग अर्धीच कशी वापरलीस?”

दुपारभर आम्ही दोघं संगणकापुढे बसून त्रेचाळीसखालचे अभिप्राय वाचले. चौदा जण. एकाचे नव्वद दिवस गेले होते. एक जण आपल्या बायकोवर उखडला होता, तिनं वाचून दाखवलं म्हणून. एका बाईंचा सोळावाच दिवस होता. त्यांनी लिहिलं होतं, “माझंच काहीतरी चुकलं असेल, मला असली कामं जमत नाहीत.” हे वाचताना मला कप्तानाचा चेहरा आठवत नव्हता, कितीही आठवायचा म्हटलं तरी.

चौदा जणांना वेगवेगळं उत्तर लिहिलं. मग वर सगळ्यांसाठी एक. “त्रेचाळिसावी युक्ती मी लिहिली. चुकून नाही, जाणूनबुजून खोटी लिहिली, माझं काम चोरणाऱ्याला पाडण्यासाठी. त्यात तुम्ही पडलात. तुम्हा चौदा जणांची आणि तीनपायाची मी माफी मागते. त्रेचाळीस माझी, तशाच पहिल्या चाळिसातल्या या छत्तीसही माझ्या आणि माझ्या वडिलांच्या.” पुढे छत्तीस आकडे. शेवटी, “कप्तानाची माफी मी मागत नाही.”

बाबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मला वाटलं, खोडायला सांगतील.

“राहू दे,” म्हणाले. “तुला काय वाटलं, मला राग येत नाही? पण रागात फास लावायचा नाही. रागात लाकडं फोडायची.”

१ डिसेंबर, सोमवार

कप्तानानं माझा मजकूर सकाळी अकरापर्यंत काढून टाकला होता. मला खोलीत बोलावलं. आज तो चिडलेला होता, आणि मला त्याचं समाधान वाटलं हे लपवत नाही.

मी म्हटलं, “त्रेचाळीस माझी, हे तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत. चूक निघाली की माझी, बरोबर निघाली की तुमची, असं नाही चालणार. एक तर सगळ्या माझ्या, नाहीतर त्रेचाळीसही तुमची.”

तो म्हणाला, पुरावा काय. दारात तपासनीस ताई उभ्या होत्या, हातात कागदांचा जाड गठ्ठा, प्रत्येक पानावर माझं अक्षर आणि त्यांच्या लाल खुणा. “स्वल्पविराम मी तारखेसकट ठेवते,” त्या म्हणाल्या. “कोशातली सवय.” दोन्ही चष्मे डोक्यावर होते.

त्यानं मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ते न्याय्य आहे, मी खोटं लिहिलं होतं. नावाबद्दल तो काही बोलला नाही. त्रेचाळीस मात्र माझ्यासमोर काढली. ती निघेपर्यंत मी तिथून हलले नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

काढून टाकलेला मजकूर कुणीतरी आधीच उतरवून घेतला होता. बहुधा त्या सोळा दिवसांच्या बाईंनी. आता कप्तानाच्या प्रत्येक युक्तीखाली लोक एकच प्रश्न विचारतात, “ही कुणाची?” तो पुसतो, ते परत विचारतात. मी दिवसातून दोनदा बघते. दोनदा नाही, पाच-सहा वेळा. राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. पण आज दुपारी मी नोकरीसाठी तीन अर्ज लिहिले, म्हणजे लाकडं फोडली.

मग बाबांच्या खुर्चीत उशी ठेवली आणि माऊस कीबोर्डच्या डावीकडे. बाबा आढेवेढे घेत बसले. दोनशे अकरा दिवस परत कोण काढणार, म्हणाले. आई आतून म्हणाली, “दुसरं काय काम आहे तुम्हाला?”

नवा खेळ सुरू करताना तो आधी नाव विचारतो. बाबांनी तीनपाया टाकायला बोट उचललं. मी त्यांना थांबवलं, पाकिटातली चिठ्ठी काढली आणि त्यांनी लिहून दिलं होतं तसं टाकलं, त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. तेवढी अक्षरं रकान्यात मावेनात. खेळानं आडनाव अर्ध्यातच तोडलं.

मी परत प्रयत्न करत होते. बाबांनी माझा हात बाजूला केला.

“असू दे,” म्हणाले. “पायासारखंच झालं. चालेल.”

पडद्यावर बर्फ पडत होता. पहिला दिवस. बाबांनी सगळ्यात आधी एक लांब काठी तोडून घेतली.